मेटालिका : बेसच्या बाजूने

१९८१ साली लॉस एंजेलिसच्या ‘द रिसायकलर’ या छोट्या जाहिरातींच्या पत्रात लार्स उल्रिक नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाने एक जाहिरात दिली. ड्रमवादकाला बरोबर वाजवायला मेटल वादक हवे आहेत, एवढाच तिचा मजकूर. सोबत आवडीचे बँड म्हणून टायगर्स ऑफ पॅन टँग, डायमंड हेड आणि आयर्न मेडन ही तीन इंग्लिश नावे होती. कॅलिफोर्नियात तेव्हा ही नावे फारच थोड्यांना ठाऊक होती. उल्रिक मूळचा डेन्मार्कचा. वडील टॉर्बेन उल्रिक हे नामांकित टेनिसपटू होते आणि जॅझचे मोठे रसिक. सॅक्सोफोनवादक डेक्स्टर गॉर्डन हे मुलाचे धर्मपिता. मुलानेही टेनिसमध्ये नाव काढावे म्हणून कुटुंब १९८० मध्ये अमेरिकेत आले, पण मुलाचे लक्ष रॅकेटवरून केव्हाच उडाले होते. नऊ वर्षांचा असताना कोपनहेगनमध्ये त्याने डीप पर्पलचा कार्यक्रम ऐकला होता. १९८१ च्या उन्हाळ्यात तो एकटाच इंग्लंडला गेला, डायमंड हेडचा कार्यक्रम गाठला आणि त्या बँडच्याच घरी मुक्काम ठोकून राहिला.

जाहिरातीला प्रतिसाद देणाऱ्यांत जेम्स हेटफील्ड होता. तो लॉस एंजेलिसजवळच्या डाउनी गावचा, उल्रिकपेक्षा काही महिन्यांनी मोठा, अबोल आणि बुजरा. त्याचे आईवडील ख्रिश्चन सायन्स या पंथाचे अनुयायी होते. या पंथात आजारावर औषधोपचार न घेता प्रार्थनेवर भिस्त ठेवतात. आईला कर्करोग झाला तेव्हाही उपचार झाले नाहीत आणि हेटफील्ड सोळा वर्षांचा असताना ती गेली. या घरगुती दुःखाचे पडसाद दहा वर्षांनंतरच्या ‘द गॉड दॅट फेल्ड’ या गाण्यापर्यंत ऐकू येतात. स्वभावाने दोन टोकांची असलेली ही दोन मुले एकत्र आली आणि २८ ऑक्टोबर १९८१ ही बँडच्या स्थापनेची तारीख ठरली. बँडचे नाव आले सॅन फ्रान्सिस्कोच्या रॉन क्विंटाना या मित्राकडून. क्विंटानाला आपल्या नव्या मासिकासाठी नाव हवे होते आणि त्याच्या यादीत ‘मेटालिका’ होते. उल्रिकने त्याला ‘मेटल मेनिया’ हे नाव घ्यायला सुचवले आणि ‘मेटालिका’ स्वतःकडे ठेवून घेतले.

त्या काळी लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिपवर रंगरंगोटी केलेल्या, केस फुगवलेल्या ग्लॅम बँडची चलती होती. हेटफील्ड आणि उल्रिकला हवे होते ते वेगळे: इंग्लिश हेवी मेटलची घट्ट विणलेली रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारी छोटी सूरओळ, आणि तिला पंक संगीताचा सुसाट वेग. पुढे ‘थ्रॅश’ म्हणून ओळखला गेलेला प्रकार या मिश्रणातून घडला. ब्रायन स्लेगेल या ओळखीच्या तरुणाने १९८२ मध्ये ‘मेटल मॅसेकर’ हा नव्या बँडचा संग्रह काढला. त्यात मेटालिकाचे ‘हिट द लाइट्स’ आले, पण पहिल्या आवृत्तीवर बँडच्या नावाचे स्पेलिंगच चुकीचे छापले गेले. लीड गिटारवर डेव्ह मस्टेन आला होता, बेसवर रॉन मॅकगव्हनी. जुलै १९८२ मध्ये सात गाण्यांची ‘नो लाइफ टिल लेदर’ ही डेमो कॅसेट तयार झाली आणि ती कुठल्याही कंपनीच्या मदतीशिवाय देशभर पसरली. मेटलच्या चाहत्यांचे तेव्हा टपालावर चालणारे एक जाळे होते. एकाने कॅसेटवरून कॅसेट उतरवायची, दुसऱ्याला पाठवायची, बदल्यात त्याच्याकडची मागवायची. हाताने बनवलेल्या छोट्या मासिकांत त्यांचे पत्ते छापून येत. रेडिओने ज्यांना कधी वाजवले नाही अशा चार मुलांचा आवाज या मार्गाने अमेरिकेच्या दुसऱ्या किनाऱ्यावर आणि युरोपातही पोचला.

त्याच वर्षी हॉलिवूडच्या ‘व्हिस्की अ गो गो’ या क्लबात हेटफील्ड आणि उल्रिक ट्रॉमा नावाच्या बँडचा कार्यक्रम ऐकत होते. कानावर एक झंझावाती सोलो आला आणि दोघे मंचावर गिटारवादक शोधू लागले. तो सोलो बेस गिटारवर चालला होता. वाजवणारा होता क्लिफ बर्टन. बेल-बॉटम पँट घालणारा, हा मोठा केशसंभार डोलवणारा आणि पिक न वापरता बोटांनी वाजवणारा वीस वर्षांचा तरुण. त्याला बँडमध्ये ओढायला या दोघांना बरेच महिने लागले. त्याची अट एकच होती: तो लॉस एंजेलिसला येणार नाही, बँडने सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकाठी यावे. बँडने ती मानली. एका बेसवादकासाठी अख्खा बँड सुमारे सहाशे किलोमीटर उत्तरेला हलला, आणि ५ मार्च १९८३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘द स्टोन’मध्ये बर्टन त्यांच्याबरोबर पहिल्यांदा मंचावर उभा राहिला. रॉक संगीतात बेसवादकाला सहसा एवढा मान मिळत नाही. मेटालिकाच्या चार दशकांच्या वाटचालीतली सगळ्यात मोठी वळणे या बेसच्या जागेवरच आलेली दिसतात. त्या जागेवर कोण आहे आणि त्याचा आवाज कितपत ऐकू येतो, यावरून बँडची त्या त्या वेळची प्रकृती अचूक ओळखता येते.

डेमो कॅसेट न्यू जर्सीच्या जॉन झाझुला यांच्याकडे पोचली होती. ते आणि त्यांच्या पत्नी मार्शा एका जुन्या बाजारात ‘रॉक अँड रोल हेवन’ हे रेकॉर्डचे दुकान चालवत. पदरी फारसे भांडवल नसताना या दांपत्याने बँडला पूर्व किनाऱ्यावर बोलावले आणि कुठलीच कंपनी पुढे येईना तेव्हा स्वतःची ‘मेगाफोर्स’ ही कंपनी काढली. भाड्याच्या ट्रकमधून बँड देश ओलांडून आला. मस्टेनचे दारू पिणे आणि मारामाऱ्या आता हाताबाहेर गेल्या होत्या. ११ एप्रिल १९८३ च्या सकाळी त्याला उठवून काढून टाकल्याचे सांगण्यात आले आणि ग्रेहाउंडच्या बसमध्ये बसवून कॅलिफोर्नियाला परत पाठवण्यात आले. त्याने पुढे मेगाडेथ हा बँड काढून स्वतःचे मोठे स्थान मिळवले, पण ही जखम त्याच्या मनात अनेक वर्षे ओली राहिली. मेटालिकाच्या पहिल्या अल्बममधल्या चार गाण्यांवर त्याचे नाव सहरचनाकार म्हणून आहे, आणि सुरुवातीच्या मेटालिकाच्या घडणीतले त्याचे हे श्रेय मोलाचे आहे. त्याच्या जागी सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्झोडस बँडमधून कर्क हॅमेट आला. हॅमेट तेव्हा जो सॅट्रियानी यांच्याकडे गिटारचे धडे घेत असे.

न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये ध्वनिमुद्रित झालेला ‘किल देम ऑल’ २५ जुलै १९८३ रोजी बाजारात आला. पुढच्या वर्षीचा ‘राइड द लाइटनिंग’ कोपनहेगनच्या स्वीट सायलेन्स स्टुडिओत फ्लेमिंग रासमुसेन यांच्या देखरेखीखाली झाला, आणि त्याच स्टुडिओत १९८५ च्या अखेरीस ‘मास्टर ऑफ पपेट्स’ तयार झाला. या तीन अल्बमांच्या मधल्या तीन वर्षांत बँडने घेतलेली झेप थक्क करणारी आहे. पहिल्या अल्बमात तारुण्याची रग आहे. दुसऱ्यात ‘फेड टू ब्लॅक’सारखे संथ सुरू होणारे, निराशेवरचे गाणे आले आणि काही कडव्या चाहत्यांनी बँड मवाळ झाल्याची ओरड केली. तिसऱ्या अल्बमात वेग, मांडणी आणि आशय यांचा तोल असा साधला की त्या प्रकारच्या संगीतात आजही त्याच मापाने इतरांना मोजतात.

या संगीताचे मर्म हेटफील्डच्या उजव्या हातात आहे. ‘मास्टर ऑफ पपेट्स’ या शीर्षकगीताची मुख्य रिफ मिनिटाला दोनशेहून अधिक ठोक्यांच्या लयीत चालते. गिटारवादक एरवी अशा वेगात पिक एकदा खाली, एकदा वर असा फिरवतात, कारण त्यात निम्मे श्रम वाचतात. हेटफील्ड मात्र जवळजवळ प्रत्येक आघात खालच्या दिशेने करतो. खाली येणाऱ्या हाताला वजन असते, म्हणून सगळे आघात सारखेच कडक आणि भारी पडतात. त्याच वेळी तळव्याची कड तारांच्या मुळाशी हलकी टेकवलेली असते. त्यामुळे सूर फार न लांबता ‘धग्’ असा दबून उमटतो आणि तार तालवाद्याचे काम करू लागते. तीच ओळ तो पुन्हा तंतोतंत वाजवतो, आणि ही ध्वनिमुद्रणे डाव्या-उजव्या बाजूंना एकमेकांवर बसवली की भिंतीसारखा आवाज उभा राहतो. दोन वेळच्या वादनात केसाइतकाही फरक पडला तर ती भिंत फुटते. म्हणून त्या काळच्या अल्बमांवरची ऱ्हिदम गिटार सगळी हेटफील्डनेच वाजवली आहे, हॅमेटकडे फक्त सोलो असत.

उल्रिकचे ड्रम या उजव्या हाताच्या मागे चालतात. बहुतेक रॉक बँडमध्ये बेस आणि ड्रम यांची जोडी पाया घालते आणि गिटार त्यावर उभी राहते. मेटालिकात पाया गिटार आणि ड्रमचा. अशा रचनेत बेसला हक्काची जागाच उरत नाही. बर्टनने ती नव्याने निर्माण केली. त्याला संगीताच्या व्याकरणाची जाण होती, बाखचे संगीत त्याने अभ्यासले होते, आणि स्वरांच्या समांतर ओळी कशा गुंफायच्या हे हेटफील्ड त्याच्याकडून शिकला. ‘फॉर हूम द बेल टोल्स’च्या आरंभी घंटानादानंतर जो खरखरीत सूर येतो तो पुष्कळांना गिटारचा वाटतो, पण तो बर्टनचा बेस आहे. ‘मास्टर ऑफ पपेट्स’मधली ‘ओरायन’ ही शब्दांविना आठ मिनिटांहून अधिक चालणारी रचना तर त्याची स्मृतिशिळाच म्हणावी लागेल. मध्यावर सगळा गजर थांबतो, बेस एकटाच सहा मात्रांच्या झुलत्या लयीत एक साधी ओळ सुरू करतो, आणि तिच्यावर एकेक गिटार हलकेच येऊन बसते. थ्रॅशच्या ऐन भरात असे संथ, मोकळे संगीत रचण्याचे धैर्य बँडला बर्टनमुळे आले, यात शंका वाटत नाही.

१९८४ च्या शरदात बँड इलेक्ट्रा या मोठ्या कंपनीकडे गेला होता आणि व्यवस्थापन क्यू प्राइम या संस्थेच्या क्लिफ बर्नस्टाइन आणि पीटर मेन्श यांनी हाती घेतले होते. ‘मास्टर ऑफ पपेट्स’ ३ मार्च १९८६ रोजी आला. त्यासाठी एकही व्हिडिओ केला नव्हता आणि रेडिओचा आधार नव्हता. ऑझी ऑस्बर्नच्या दौऱ्यात बँड आरंभीचे सत्र वाजवत गावोगाव फिरला, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अल्बमने अमेरिकेत पाच लाख प्रतींचा टप्पा गाठला. तो पाहायला बर्टन नव्हता. २६ सप्टेंबर १९८६ ला स्टॉकहोमचा कार्यक्रम आटोपून बस कोपनहेगनकडे निघाली होती. झोपायची जागा कोणी निवडायची यासाठी पत्ते काढले गेले, बर्टनला इस्पिकचा एक्का आला आणि त्याने हॅमेटची जागा मागून घेतली. २७ तारखेच्या पहाटे स्वीडनमधल्या डोरार्प गावाजवळ बस घसरून उलटली. बर्टन खिडकीतून बाहेर फेकला गेला आणि बस त्याच्या अंगावर पडली. त्याचे वय २४ होते. रस्त्यावर गोठलेल्या पाण्याचा पातळ थर होता, असे चालकाने सांगितले. हेटफील्ड त्या थंडीत तो थर शोधत रस्त्यावर मागे चालत गेला, त्याला तो कुठे दिसला नाही. चालकावर पुढे कोणताही गुन्हा शाबीत झाला नाही. बर्टनच्या अंत्यविधीला ‘ओरायन’ची ध्वनिफीत वाजवण्यात आली. अपघाताच्या जागेजवळ २००६ मध्ये स्मृतिशिळा उभी राहिली.

शोक करायला बँडने स्वतःला वेळच दिला नाही. महिनाभरात ॲरिझोनातल्या फ्लॉट्सम अँड जेट्सम या बँडमधला जेसन न्यूस्टेड निवडला गेला आणि नोव्हेंबरात तो मंचावर होता. तो बर्टनचा मनापासून चाहता होता, कष्टाळू होता, मंचावर त्याचा जोश पाहण्यासारखा असे. बाकीच्या तिघांनी मात्र त्याचा छळ मांडला. त्याच्या नावावर हॉटेलची बिले लावणे, त्याच्याबद्दल खोट्या अफवा पसरवणे हे कित्येक महिने चालले. मित्राच्या मृत्यूचा राग त्या जागेवर आलेल्या निरपराध माणसावर निघत होता, हे त्यांनी स्वतःच पुढे मान्य केले.

त्या रागाची ध्वनिमुद्रित साक्ष म्हणजे १९८८ चा ‘अँड जस्टिस फॉर ऑल’. नऊ गाण्यांचा, पासष्ट मिनिटांचा हा अल्बम रचनेच्या दृष्टीने बँडचे सगळ्यात गुंतागुंतीचे काम आहे. मात्रा बदलत राहतात, एकेका गाण्यात रिफांची लांबच लांब साखळी येते. पण त्यात बेस जवळजवळ ऐकूच येत नाही. कारणे अनेक आहेत. न्यूस्टेडने आपला भाग स्टुडिओत बँडच्या गैरहजेरीत, एका सहायक तंत्रज्ञाबरोबर बसून मुद्रित केला. त्याने बहुतेक ठिकाणी गिटारची रिफच जशीच्या तशी वाजवली, त्यामुळे बेस गिटारच्या पोटात गडप होण्याचा धोका होताच. हेटफील्डच्या गिटारने आवाजाचा खालचा पट्टा स्वतःच व्यापला होता. आणि मिक्सिंग करणाऱ्या स्टीव्ह थॉम्पसन यांनी पुढे मुलाखतींत सांगितले, की बेसचा आवाज खाली आणण्याची सूचना उल्रिककडून आली होती. परिणामी या अल्बमचा नाद सुका, टणक, हाडासारखा आहे. अल्बमचे पहिले गाणे ‘ब्लॅकन्ड’ ज्याच्या रिफमधून जन्मले तो न्यूस्टेडच, आणि त्याच गाण्यात त्याचा बेस शोधावा लागतो. हा त्याच्यावर झालेला अन्याय आहे आणि २०१८ च्या पुनर्मुद्रित आवृत्तीतही तो कायम ठेवला गेला. बर्टनच्या उरलेल्या टिपणांवरून आणि शब्दांवरून केलेली ‘टू लिव्ह इज टू डाय’ ही रचना याच अल्बमात आहे.

याच अल्बममधल्या ‘वन’ या गाण्यासाठी बँडने पहिल्यांदा व्हिडिओ केला. पहिल्या महायुद्धात हातपाय, दृष्टी, वाचा आणि श्रवण गमावूनही जिवंत राहिलेल्या सैनिकाची कथा सांगणाऱ्या ‘जॉनी गॉट हिज गन’ या डाल्टन ट्रम्बो यांच्या १९७१ च्या चित्रपटातली दृश्ये त्यात वापरली आहेत. या व्हिडिओने बँड घराघरांत पोचवला. फेब्रुवारी १९८९ मध्ये ग्रॅमी पुरस्कारांत हार्ड रॉक आणि मेटलसाठी पहिल्यांदाच विभाग ठेवला गेला तेव्हा पुरस्कार मेटालिकाला मिळेल अशी सर्वांची अटकळ होती. तो जेथ्रो टल या बँडला गेला आणि सभागृह अवाक झाले. पुढच्या वर्षी ‘वन’ला ग्रॅमी मिळाले.

पाचव्या अल्बमसाठी बँड कॅनडाचे निर्माते बॉब रॉक यांच्याकडे गेला. रॉक यांनी चौघांना एका खोलीत एकत्र वाजवायला लावले. तोवर प्रत्येकाचा भाग सुटासुटा मुद्रित होत असे. त्यांच्या आणखी एका निरीक्षणाचा परिणाम आजही कानाला जाणवतो. बँडची जवळजवळ सगळी गाणी ‘ई’ या स्वरात आहेत असे त्यांनी दाखवून दिले. गिटारची सगळ्यात खालची तार त्याच स्वराला लावलेली असते, तिच्याखाली काही नाही असे उल्रिक समजून चालला होता. तार एक पूर्ण स्वर उतरवली आणि ‘सॅड बट ट्रू’ या गाण्याला तो अजस्र भार आला. रॉक यांच्या हाताखाली न्यूस्टेडचा बेसही पहिल्यांदा मोकळा झाला. गिटारच्या मागे पळणे थांबले, तो ड्रमबरोबर चालू लागला. गाणी लहान झाली, लय उतरली. सुमारे दहा लाख डॉलर खर्च झाले, मिक्सिंग तीनदा झाले, भांडणे रोजची होती. काळ्या वेष्टणामुळे ‘ब्लॅक अल्बम’ म्हणून ओळखला जाणारा ‘मेटालिका’ १२ ऑगस्ट १९९१ रोजी आला आणि अमेरिकेच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेला. विक्रीची संगणकीय मोजदाद १९९१ मध्ये सुरू झाली. त्या मोजणीत एक कोटी साठ लाख प्रतींचा पल्ला गाठणारा हा पहिला अल्बम ठरला. जुन्या चाहत्यांतले काही दुरावले, पण ‘एंटर सँडमन’ची कारागिरी नाकारणे कठीण आहे. एका छोट्या रिफवर पाच मिनिटांचे गाणे तोलून धरणे हे दहा रिफ जोडण्यापेक्षा अवघड काम आहे.

त्यानंतरचा दौरा जवळजवळ तीन वर्षे चालला. २८ सप्टेंबर १९९१ रोजी, सोव्हिएत संघातला सत्तापालटाचा प्रयत्न फसून जेमतेम महिना झाला असताना, मॉस्कोच्या तुशिनो विमानतळावर लाखोंच्या समुदायापुढे बँड वाजला. ८ ऑगस्ट १९९२ ला माँट्रियलमध्ये मंचावरच्या आतषबाजीच्या ज्वाळेत हेटफील्ड भाजला. काही दिवसांतच तो पट्ट्या बांधलेल्या हाताने गायला उभा राहिला, त्याची गिटार दुसऱ्याने वाजवली. ‘लोड’ (१९९६) आणि ‘रीलोड’ (१९९७) या अल्बमांत बँड ब्लूज आणि दाक्षिणात्य रॉककडे वळला आणि हॅमेटला पहिल्यांदा ऱ्हिदम गिटारही मिळाली. कापलेल्या केसांची चर्चा मात्र संगीतापेक्षा अधिक झाली. एप्रिल १९९९ मध्ये बर्कली येथे सॅन फ्रान्सिस्को सिंफनीबरोबर झालेले दोन कार्यक्रम अधिक महत्त्वाचे होते. ‘नथिंग एल्स मॅटर्स’साठी वाद्यवृंदाची रचना केलेले मायकेल केमन या वेळी संचालनाला उभे होते. बर्टनने पेरलेल्या बाखप्रेमाचे धागे त्या वाद्यवृंदाच्या अंगाने स्पष्ट ऐकू येतात.

एक अपूर्ण गाणे रेडिओवर वाजत असल्याचे २००० मध्ये बँडला कळले आणि माग काढता तो नॅपस्टर या संगीत देवाणघेवाणीच्या संगणकसेवेपर्यंत पोचला. १३ एप्रिलला बँडने खटला भरला. आपली गाणी वाटणाऱ्या तीन लाखांहून अधिक वापरकर्त्यांची नावे छापील गठ्ठ्यांनिशी उल्रिकने कंपनीच्या दारात नेऊन ठेवली, आणि जुलैमध्ये अमेरिकी सेनेटच्या न्यायविषयक समितीपुढे साक्ष दिली. कॅसेटच्या देवाणघेवाणीवर मोठा झालेला बँड चाहत्यांवर उलटला, असा आरोप झाला. ही टीका समजण्यासारखी असली तरी पूर्ण न्याय्य नाही. १९८२ ची कॅसेट बँडने स्वतः हाताने वाटली होती, २००० चे गाणे त्याच्या परवानगीवाचून, पुरे होण्याआधीच बाहेर गेले होते. संगीताच्या मोबदल्याबाबत उल्रिकने तेव्हा विचारलेले प्रश्न पुढच्या वीस वर्षांत प्रत्येक वादकाला भेडसावले.

१७ जानेवारी २००१ रोजी न्यूस्टेड बँड सोडून गेला. चौदा वर्षांच्या वादनाने मान आणि खांदे जायबंदी झाले होते. पण मूळ दुखणे वेगळे होते. त्याला फुरसतीच्या काळात ‘इकोब्रेन’ हा स्वतःचा बँड चालवायचा होता आणि हेटफील्डला ते मान्य नव्हते. ज्याला संगीतात पुरेसा वाव मिळाला नव्हता त्याने तो बाहेर शोधायचा नाही, अशी ही अट होती. त्याच उन्हाळ्यात हेटफील्ड दारूच्या व्यसनावरील उपचारांसाठी दाखल झाला आणि काम थांबले. जो बर्लिंजर आणि ब्रूस सिनॉफ्स्की हे दोन माहितीपटकार तेव्हा बँडचे चित्रण करत होते. त्यातून ‘सम काइंड ऑफ मॉन्स्टर’ (२००४) हा चित्रपट झाला. बँडने महिन्याला ४० हजार डॉलर देऊन नेमलेले समुपदेशक, एकमेकांशी न बोलता एकाच टेबलाशी बसलेले तीन पुरुष, आणि हॅमेटची मधल्या मधे होणारी घुसमट त्यात उघडपणे दिसते. मस्टेनही त्यात आहे, वीस वर्षांपूर्वीची ती सकाळ उल्रिकपुढे मांडताना त्याला गहिवर आवरत नाही. कोणत्याही मोठ्या बँडने स्वतःबद्दल इतके उघडे चित्र जगापुढे ठेवलेले नाही, आणि त्यासाठी मेटालिकाचे ऋण मानायला हवे.

या काळात तयार झालेल्या ‘सेंट अँगर’मध्ये (२००३) बेसची जागा रिकामी होती, म्हणून निर्माते रॉक यांनीच बेस वाजवला. एकही गिटार सोलो नाही, स्नेअर ड्रम डब्यासारखा वाजतो. ऐकायला हा अल्बम जड जातो, पण तो ज्या अवस्थेतून आला तिच्याशी प्रामाणिक आहे. फेब्रुवारी २००३ मध्ये सुइसायडल टेंडन्सीज आणि ऑझी ऑस्बर्न यांच्याबरोबर काम केलेला रॉबर्ट ट्रुहियो निवडला गेला. बर्टनप्रमाणे तोही बोटांनी वाजवतो. या वेळी बँडने त्याला पूर्ण भागीदार मानले आणि सुरुवातीलाच दहा लाख डॉलर दिले. न्यूस्टेडशी केलेल्या वागणुकीची ही एक प्रकारे भरपाई होती. ‘ओरायन’ संपूर्ण स्वरूपात मंचावर पहिल्यांदा वाजली ती २००६ मध्ये, ट्रुहियोच्या बेसवर. ४ एप्रिल २००९ रोजी क्लीव्हलँडला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या समारंभात बर्टनच्या वतीने त्याचे वडील रे बर्टन यांनी सन्मान स्वीकारला. त्या रात्री न्यूस्टेड आणि ट्रुहियो असे दोन बेसवादक एकाच मंचावर वाजवत होते.

दरम्यान रिक रुबिन यांनी केलेला ‘डेथ मॅग्नेटिक’ (२००८) जुन्या वेगाकडे परतला, पण आवाज इतका चढवला गेला की सूर फाटू लागले आणि ध्वनितंत्राच्या वर्तुळात त्यावर मोठा वाद झाला. जून २०१० मध्ये वॉर्सा येथे मेटालिका, स्लेअर, मेगाडेथ आणि अँथ्रॅक्स हे थ्रॅशचे चार मोठे बँड पहिल्यांदा एका मंचावर आले. त्यामुळे मस्टेनचे जुने वैरही बरेच निवळले.

भारतात बँड एकदाच वाजला आहे. मुंबईच्या रंगभवनातल्या रॉक मैफलींत स्थानिक बँड मेटालिकाची गाणी वर्षानुवर्षे वाजवत आले होते, कॅसेट हातोहात फिरत होत्या. मूळ बँड येणार म्हटल्यावर २०११ च्या ऑक्टोबरात मुंबई-पुण्याचेही चाहते निघाले. २८ तारखेचा गुडगावचा कार्यक्रम सुरक्षेच्या कारणाने ऐन वेळी रद्द झाला आणि संतापलेल्या गर्दीने मंचाची मोडतोड केली. ३० ऑक्टोबरला बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर, पावसाने चिखल झालेल्या मैदानात, बँड पूर्ण वाजला.

८ डिसेंबर २०१३ रोजी अंटार्क्टिकावरच्या अर्जेंटिनाच्या कार्लिनी तळावर एका घुमटात कार्यक्रम झाला. परिसराला आवाजाचा त्रास होऊ नये म्हणून तो श्रोत्यांना हेडफोनवर ऐकवला गेला. सातही खंडांवर वाजलेला हा पहिला बँड. त्याआधी २०१२ मध्ये ‘ब्लॅकन्ड रेकॉर्डिंग्ज’ ही स्वतःची कंपनी काढून बँडने आपल्या सगळ्या ध्वनिमुद्रणांची मालकी हाती घेतली होती. २०१८ मध्ये स्वीडनचा पोलर संगीत पुरस्कार मिळाला. सप्टेंबर २०१९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को सिंफनीबरोबर पुन्हा दोन कार्यक्रम झाले. त्यांत वाद्यवृंदाचे डबल-बेसवादक स्कॉट पिंगेल यांनी पहिल्या अल्बममधला बर्टनचा सोलो आपल्या वाद्यावर एकट्याने वाजवला. त्याच महिन्यात हेटफील्ड पुन्हा उपचारांसाठी गेला आणि दौरा थांबवावा लागला. २०२२ मध्ये ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेत ‘मास्टर ऑफ पपेट्स’ वाजले आणि त्याच्या जन्मानंतर छत्तीस वर्षांनी एक नवी पिढी त्या रिफकडे वळली.

१४ एप्रिल २०२३ रोजी ‘७२ सीझन्स’ हा अकरावा अल्बम आला. बहात्तर ऋतू म्हणजे आयुष्याची पहिली अठरा वर्षे. पंथ, आजार आणि पोरकेपण यांत गेलेल्या आपल्या लहानपणाकडे साठीत पोचलेला हेटफील्ड इथे पुन्हा वळला आहे. अल्बमच्या शेवटी अकरा मिनिटांहून अधिक लांबीचे ‘इनामोराटा’ आहे, बँडचे आजवरचे सर्वांत लांब गाणे. त्याच्या मध्यावर गिटार बाजूला होतात आणि ट्रुहियोचा बेस गाणे एकट्याने पुढे नेतो. अल्बमपाठोपाठ निघालेल्या दौऱ्यात बहुतेक शहरांत दोन-दोन कार्यक्रम ठेवले गेले आणि पहिल्या रात्रीचे एकही गाणे दुसऱ्या रात्री वाजवायचे नाही असा नियम घालून घेतला गेला. मैदानाच्या मधोमध कड्यासारखा गोल मंच असतो, त्याच्या पोकळीत श्रोते उभे असतात आणि उल्रिकचे ड्रम कार्यक्रम चालू असताना मंचाच्या एका बाजूकडून दुसरीकडे बदलत राहतात.